प्रवासात असलेले बंधू

"खोटं तुमी बोललात, पाळकसाहेब. वेदीपुढं हुबं राहून, डोळे मिटून, सगळ्या मंडळीला 'आमेन' म्हणायला लावून बोललात. तुमच्या आधीचे दोघं बोलले, मग त्यांच्या खुर्चीत बसून तुमी बोललात. आन् आता त्याच तोंडानं मला म्हणता, कस्तुराबाई, उद्या तुमीबी या आन् बोला."

पाळकसाहेबांचा कप बशीला टेकता टेकता तसाच राहिला. शनिवारची दुपार, चार वाजून गेलेले. शुक्रवार पेठेतल्या त्या पुढच्या खोलीत रणभिशांच्या तीन पिढ्या एका पंख्याखाली दाटीवाटीनं बसल्या होत्या. बिस्किटाकडं निघालेला याकोबाचा हात बिस्कीट न घेताच माघारी आला.

"आई!" याकोब म्हणाला. हा थोरला. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, आणि येत्या निवडणुकीत चर्चच्या पंचकमिटीला उभा राहणार. "साहेब घरी आलेत. काय बोलतेस हे?"

"घरी आलेत म्हणूनच बोलते की. चर्चमदी बोलायची पाळी त्यांची असते."

पाळकसाहेब भांडायला आले नव्हते. उद्या विवाह-सन्मानाचा रविवार, त्याची तालीम घ्यायला आले होते. फाइलमधून कागद काढून त्यांनी नुकताच गळा साफ केला होता आणि वाचायला लागले होते. पती हे ख्रिस्ताचं प्रतीक, पत्नी हे मंडळीचं. ख्रिस्त हा वर, मंडळी ही त्याची वधू. वर जसा आपल्या वधूला क्षणभरही अंतर देत नाही, तसंच आपल्या रणभिसे बंधूंनी पन्नास वर्षं... इथवर आले होते. पुढचं कागदावरच राहिलं.

पन्नास वर्षं झाली हे खरंच. चर्चमध्ये पन्नाशी गाठलेली जोडपी पाच होती, पण चार जोडप्यांतलं एकेक माणूस प्रभूघरी गेलेलं. उरलं हे एक. म्हणजे निवड गुणांवर झाली नव्हती, हजेरीवर झाली होती. आणि ज्ञानोबा रणभिशाची हजेरी काढायची म्हटलं तर...

पण फ्लेक्स लागला होता. चर्चच्या फाटकावर, दहा बाय आठचा. 'ख्रिस्त आणि मंडळी : पन्नास वर्षांचं अतूट नातं.' खाली श्री. व सौ. रणभिसे, आणि दोघांचा फोटो. दोघांचा म्हणायचा एवढंच. लग्नानंतर ही दोघं एका चौकटीत कधी बसलीच नव्हती. म्हणून फ्लेक्सवाल्यानं त्याचा आधारकार्डावरचा आणि तिचा टॉवेल कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, असे दोन फोटो कापून शेजारी शेजारी चिकटवले, आणि सांधा दिसू नये म्हणून मध्ये दोन कबुतरं सोडली. कस्तुराबाईंनी तीस वर्षं टॉवेलांचे काठ शिवले होते. सांधा कुठं आहे ते त्यांना कबुतरांच्या पंखांतूनही दिसलं.

आता, हे क्षणभराचं अंतर केवढं, ते सांगायला हवं.

ज्ञानोबा कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तनात त्याचा हात धरणारा या बाजूला कोणी नव्हता. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या आणि आवाज असा, की देवळात जाणारी माणसंही चर्चच्या भिंतीला टेकून ऐकायची. दहा कुमारींचं आख्यान हा त्याचा हातखंडा. वर यायला उशीर होतो. पाच शहाण्या कुमारींच्या दिव्यात तेल असतं, पाच मूर्ख कुमारी तेल शोधत फिरतात, आणि तेवढ्यात दार लागतं. 'लागलं दार!' म्हणताना तो चिपळ्या अशा आपटायचा की बायका पदरानं डोळे पुसायच्या. दोन हजार तीन साली हेच आख्यान लावायला तो वैरागला गेला. दहा कुमारी सांगून झाल्या आणि अकरावीच्या घरी मुक्काम केला. अकरावी काही कुमारी नव्हती. भीमाबाई नावाची विधवा होती, दोन मुलांची आई, पिठाची गिरणी चालवायची. सोलापूरहून वैराग एस.टी.नं दीड तासावर. ज्ञानोबाला परत यायला एकोणीस वर्षं लागली.

पहिल्याच रविवारी तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, "बंधू दिसत नाहीत?" कस्तुराबाईंच्या तोंडून लाजेनं निघून गेलं, "प्रवासात हायत." प्रार्थनेच्या यादीत तीन रकाने असतात : आजारी असलेले, परीक्षेला बसलेले, प्रवासात असलेले. ज्ञानोबाचं नाव तिसऱ्या रकान्यात पडलं आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिलं. पाळक बदलले. चर्चवरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. हातानं लिहायची यादी कॉम्प्युटरवर आली. पण दर रविवारी ठरलेलं, "हे प्रभू, प्रवासात असलेले आमचे बंधू ज्ञानोबा यांना सांभाळ." प्रभू त्यांना कुठं सांभाळतोय हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. मागच्या बाकांवर खुदखुद व्हायची. कस्तुराबाई मान खाली घालून आमेन म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वी पायाला साखरेची जखम आणि काखेला पिशवी घेऊन ज्ञानोबा दारात उभा राहिला, आणि त्या रविवारी आभाराच्या प्रार्थनेत नाव आलं, 'प्रवासातून सुखरूप परतलेले'. सुखरूप म्हणजे, पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी पायाची दोन बोटं काढली.

"कस्तुराबाई," पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. आवाज त्यांनी अंत्यविधीला वापरतात तो लावला. "तुमची वेदना मी समजू शकतो. पण प्रवासात आहेत, हे पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं. तशी नोंद आहे."

"व्हय. सांगितलं हुतं. त्या एका रविवारचं पाप माझं. प्रभूपुढं कबूल केलंय, तुमच्याम्होरंबी करते." कस्तुराबाई नातीकडं वळल्या. "सोनम, एकोणीस वर्सात रविवार किती गं?"

सोनम दारापाशी बसली होती. याकोबाची मुलगी, तेवीस वर्षांची. मेमध्ये तिचं लग्न. "नऊशे अठ्ठ्याऐंशी, आजी."

"त्यातला एक माझा. नऊशे सत्त्याऐंशी कुणाचे?"

सुकन्यानं, कस्तुराबाईंच्या लेकीनं, ओठ चावून हसू दाबलं. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर आहे हे तिला कळलं होतं.

"असं बघा," पाळकसाहेब पुढं सरकले. "हे आध्यात्मिक रहस्य आहे. उद्या आपण माणसाचा सन्मान करत नाही. प्रतीकाचा करतो."

"मंग फ्लेक्सवर प्रतीकाचा फोटो लावायचा हुता. माझा कशाला लावला?"

"मंडळी म्हणजे वधू. वधूचं भूषण काय? क्षमा आणि अधीनता."

"आन् वराचं?"

"प्रीती. तो वधूसाठी स्वतःला देऊन टाकतो."

"कुणाला देऊन टाकतो ते शास्त्रात लिवलंय न्हवं? वधूसाठी. शेजारणीला न्हाय."

ज्ञानोबा घरातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत बसला होता, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. इतका वेळ तो डोळे मिटून होता. वय त्र्याहत्तर, साखर तीनशे, पण आवाजाला काही झालेलं नव्हतं. त्यानं हात वर केला, जणू टाळकऱ्यांना थांबवतोय.

"बोलू दे तिला, पाळकसाहेब. ती बोलते ते मला फुलासारखं आहे. मी उधळा पुत्र! दूरदेशी गेलो, डुकरांच्या शेंगा खाल्ल्या, आणि परत आलो. बापानं काय केलं? धावत जाऊन गळ्यात पडला! अंगठी घातली! पुष्ट वासरू कापलं!"

"ते बापानं केलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "उधळा पुत्र बापाकडं आला हुता, बायकूकडं न्हाय. वराचं आख्यान लावलंय तर वराचंच सांगा. अडचण आली की पुत्राचं घुसडायचं, असलं कीर्तन आमी ऐकत न्हाय. आन् शेंगा म्हणं! गिरणीवालीच्या घरी एकोणीस वर्सं ताज्या पिठाची भाकरी खाल्लीसा की."

सुकन्या आता उघड हसली. याकोबानं तिच्याकडं डोळे वटारले.

"हसतेस काय, सुकन्या? उद्या सोनमच्या लग्नाची पहिली घोषणा वाचायची आहे. अक्कलकोटहून तिच्या सासरची माणसं येणार आहेत. पहिल्या बाकावर बसणार. फाटकावर आजी-आजोबांचा फ्लेक्स, आणि आत आजी म्हणणार, मी उभी राहत नाही? काय तोंड दाखवायचं मी?"

"दाखव की तुजंच. फ्लेक्सवर तेबी हाय. खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुक म्हणून." कस्तुराबाईंनी लेकाला एवढंच म्हटलं.

सासरच्यांचं नाव निघालं तसं सुकन्याचं हसू मात्र विरलं. ती आईजवळ सरकली, हळू बोलली. "आई, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे गं. हार घ्यायचा, दोन ओळी म्हणायच्या, खाली बसायचं. मनातून म्हणू नकोस. सोनमसाठी."

कस्तुराबाईंना हे लागलं. याकोब तिकडचाच, त्याचं काय. पण सुकन्या बावीस वर्षांची होती, तेव्हा कारखान्यात आईच्या शेजारच्या मशीनवर बसून तिनं काठ शिवले होते आणि मग रात्री जागून डी.एड.चा अभ्यास केला होता. ती म्हणते, मनातून म्हणू नकोस! नऊशे सत्त्याऐंशी वेळा आमेन कुठून म्हटलं होतं मग?

"बग वैनी," आता बजाबाईला जोर आला. ज्ञानोबाची धाकटी बहीण, सन्मानासाठी म्हणून केमहून सकाळच्या गाडीनं नवी साडी घेऊन आलेली. "लेकबी तेच म्हणती. पुरुस मानूस. पाय घसारला. आता आला न्हवं? आन् माजा दादा काय साधा मानूस न्हाय. त्येच्यासाठी लोकं जीव टाकत्यात. आजून वैरागला परार्थना करत्यात त्येच्यासाठी!"

"कोण करतंय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"कोन म्हंजी? समदी. मागल्या म्हैन्यात आमच्या जावंच्या नातीच्या बाप्तिस्म्याला गेलते की मी. तितं पाळकानं यादी वाचली. आजारी, परीक्षावाले, मंग म्हनला, प्रवासात असलेले बंधू ज्ञानोबा यांना सुखरूप मागारी आन. तीन वर्सं झाली म्हनं, एक रविवार चुकला न्हाय. मी बी आमेन म्हनले. एवढ्या लांबच्या लोकांनी याद ठिवली, माजा ऊर भरून आला बग."

बजाबाईनं कौतुकानं सगळ्यांकडं पाहिलं. कोणीच तिच्याकडं पाहत नव्हतं. सगळे आरामखुर्चीकडं पाहत होते.

"यादीत नाव कुणी घातलं?" कस्तुराबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"भीमाबाईनं. दुसरं कोन घालनार? सोलापूरला दवाखान्यात पाय दावून येतो म्हनून दादा निगाला त्यो..." इथं बजाबाईला काहीतरी उमगलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

याकोब उभा राहिला. "बाबा. तुम्ही सांगितलं होतं, तिच्या पोरांनी तुम्हाला मारून एस.टी.त बसवलं."

ज्ञानोबानं डोळे मिटून घेतले.

"मी वैरागला गेलो होतो, बाबा. गिरणीत चार गिऱ्हाइकं उभी असताना त्या बाईला नको नको ते बोललो. म्हातारी पिठानं माखलेले हात जोडून उभी होती. एक शब्द बोलली नाही. फक्त विचारलं, पाय बरा आहे का त्यांचा. मला वाटलं, नाटक करतेय."

"प्रभूच्या योजना..." ज्ञानोबानं सुरुवात केली.

"गप बसा," याकोब म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांत बापाला तो हे पहिल्यांदा म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच खाली बसला.

कस्तुराबाई भिंतीकडं पाहत होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी रोज एक मागणं मागितलं होतं, की वैरागच्या त्या गिरणीचा पट्टा तुटावा आणि त्या बाईच्या पायाशी पडावा. ते मागणं आमेनच्याही आधीचं होतं, आणि मनातून होतं. आता त्यांना तीच बाई दिसत होती. बायकांच्या बाकावर, मान खाली. मागं कोणीतरी खुदखुदतंय. पाळक यादी वाचतोय. आणि ती म्हणतेय, आमेन. तिचा दिवा तिथं, हिचा इथं. दोघींचं तेल जळून गेलं, आणि वर आपला एस.टी.त बसून या दारातून त्या दारात.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "ख्रिस्ताला वधू किती?"

"एक. एकच मंडळी."

"मग ह्यो कोण बसलाय खुर्चीत?"

पाळकसाहेबांनी फाइल बंद केली, उघडली, परत बंद केली. "आपण... सूत्रसंचालनातला तो भाग गाळू. क्षणभरही अंतर न देता वगैरे. फक्त वचनांचं नूतनीकरण ठेवू. ती ठरलेली वचनं आहेत, त्यात कोणाच्या चारित्र्याचा उल्लेख नाही. पती म्हणेल, प्रीती करीन. पत्नी म्हणेल, अधीन राहीन. झालं. फ्लेक्स लागलाय, कस्तुराबाई. बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. चर्चची इज्जत..."

"माझ्याही कागदावर तीच ओळ आहे," दारातून सोनम म्हणाली. सगळे वळले. "मेमधल्या लग्नाच्या. साहेबांनी परवा पाठ करायला दिलाय. नवऱ्या मुलाच्या कागदावर अधीनचं नाही. मी विचारलं, का. तर म्हणाले, आजीला विचार, तिनं पन्नास वर्षं पाळलंय."

पाळकसाहेब चहाच्या कपात पाहायला लागले. कप कधीच रिकामा झाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. पाच ही पट्टीची वेळ. आतल्या गॅसवर पाणी तापत ठेवलेलंच होतं. एरवी कस्तुराबाई स्वतः उठायच्या. आज सोनम उठली. तिनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, त्यात औषध टाकलं, आणि घमेलं स्टुलाखाली ठेवलं. कस्तुराबाईंनी कपाटातून टॉवेल काढला. पांढरा, निळ्या काठाचा. काठ त्यांच्याच हातचा. कारखाना सोडताना मिळालेल्या बारा टॉवेलांतले सात पायाच्या पट्ट्यांमध्ये गेले होते.

"मी उद्या येते," त्या म्हणाल्या.

याकोबानं मान वर केली. सुकन्यानं श्वास सोडला. पाळकसाहेबांचा चेहरा असा उजळला की त्यांनी खिशातून पेनही काढलं.

"येते. हारबी घालून घेते. पण मला वाचता येतंय, पाळकसाहेब. घरोघर फिरणाऱ्या बायबलबाईनं शिकवलंय, तुमच्या जन्माच्या आधी. ज्या रात्री पकडून दिला, त्या रात्री प्रभू जेवणावरनं उठला. अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला टॉवेल बांधला, आन् घमेल्यात पाणी घेऊन चेल्यांचे पाय धुतले. पकडून देणाऱ्याचेबी धुतले. हाय का न्हाय शास्त्रात?"

"आहे, पण..."

"वर म्हंजी जो सोडून जात न्हाय. वर म्हंजी जो स्वतःला देऊन टाकतो. वर म्हंजी जो कमरेला टॉवेल बांधतो. हे समदं तुमचं, मी एक अक्षर माज्या पदरचं घातलं न्हाय. मग उद्या मी वराच्या जागी हुबी राहते. उजवीकडं. आन् ह्यांना वधूच्या जागी हुबं करा, काठी द्या हातात. मी म्हणते, प्रीती करीन. पन्नास वर्सं करतेच हाय, मला जड न्हाय. आन् हे म्हणतील, अधीन राहीन. म्हणायला लावा. तुमी वाचा, ते तुमच्यामागं म्हणतील. आवाज चांगला हाय त्यांचा."

"कस्ते!" ज्ञानोबा ओरडला. स्टुलावरचा पाय हलला आणि कळ थेट मस्तकात गेली असावी, कारण पुढं काही आलं नाही.

"हे शास्त्रात बसत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"का बसत न्हाय?"

"क्रम ठरलेला आहे. पुरुष हे मस्तक आहे. ते... ते प्रतीक आहे, कस्तुराबाई. प्रतीक असं उलटं करता येत नाही."

"येत न्हाय?" हे याकोब म्हणाला. घरात कोणाला खरं वाटलं नाही. पंचकमिटीचा उमेदवार खाली मान घालून बोलत होता. "साहेब, यादीत तर आलं होतं की. बायकोला टाकून गेलेला माणूस नऊशे अठ्ठ्याऐंशी रविवार प्रवासात. तेव्हा कोणता क्रम होता?"

"तू सुद्धा, याकोब?"

"मी त्या बाईला गिरणीत शिव्या घातल्या आहेत, साहेब. कोणाच्या अधीन राहून घातल्या, ते मला आज कळलं."

बजाबाई नव्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन रडत होती. सुकन्या उठून आईच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि या खेपेला तिनं कानात काही सांगितलं नाही.

कस्तुराबाई स्टुलासमोर खाली बसल्या नाहीत. रोज बसायच्या. गुडघे दुखायचे, तरी बसायच्या, जुनी पट्टी ओली करून हलक्या हातानं सोडवायच्या, बोटांच्या जागी राहिलेल्या खाचा पुसायच्या. आज त्या उभ्याच राहिल्या. घमेल्यातून वाफ येत होती. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी उलगडला, झटकला, आणि पाळकसाहेबांपुढं धरला, कापड दुकानात गिऱ्हाइकापुढं पन्हा दाखवायला धरतात तसा.

"मी भांडत न्हाय. मला इचारायचंय. या खोलीत एक वर हाय आन् एक वधू हाय, तुमी म्हणता म्हणून. जो ख्रिस्त असंल त्याच्या कमरेला ह्यो टॉवेल बांधायचा आन् त्यानं पाय धुवायचे. हे ख्रिस्त असतील तर बांधते ह्यांच्या कमरेला, मी खुर्चीत बसते. मी असंल तर तसं उद्या वेदीवरनं सांगा. तोंडानं सांगा, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं, अक्कलकोटच्या पाहुण्यांसकट. आन् तिकडं वैरागच्या पाळकालाबी फोन करून सांगा, यादीतलं नाव काढा म्हणावं, त्या बाईला रविवारी मान वर करून बसू द्या."

पाळकसाहेबांनी टॉवेलाकडं पाहिलं. मग दाराकडं. दारात सोनम उभी होती, आणि ती बाजूला सरकत नव्हती.

"मी... प्रार्थना करून सांगतो," ते म्हणाले.

"प्रार्थना एकोणीस वर्सं झाली," कस्तुराबाई म्हणाल्या. टॉवेल धरलेले हात खाली आले नाहीत. "आता उत्तर द्या. ह्यो कुणाच्या कमरेला बांधू? बोला, साहेब. पाणी निवतंय."